उंबरठ्याबाहेर आलेला बाप

मराठीत 'कृपा' हा शब्द इतका रुळला आहे की त्याच्या अर्थाकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही. मोठ्याने लहानावर, धनिकाने गरजूवर किंवा राजाने प्रजेवर केलेली मेहेरबानी हा त्याचा व्यवहारातला अर्थ असून, जुन्या वळणाच्या अर्जाखाली 'आपला कृपाभिलाषी' असे लिहिणारा मनुष्य आपण मागणारे आहोत आणि समोरच्याला नकार देण्याची मुभा आहे, या दोन्ही गोष्टी त्या एका शब्दात मान्य करीत असतो. मराठी बायबलमध्येही हाच शब्द आला आहे. मात्र ज्या 'खारिस' या ग्रीक शब्दासाठी तो योजला गेला, त्याचा नव्या करारातला आशय मेहेरबानीहून बराच निराळा आहे. पात्रता न पाहता, परतफेडीची अपेक्षा न ठेवता आणि मागणी होण्याच्याही आधी दिलेले दान असा तो आशय असून, माणसाचे तारण, म्हणजे पापातून आणि देवापासून झालेल्या ताटातुटीतून त्याची होणारी सुटका, या दानामुळेच घडते अशी ख्रिस्ती श्रद्धा आहे. हे समजावताना बायबल न्यायालयाच्या, कर्जफेडीच्या आणि गुलामाच्या सुटकेच्या उपमा वापरते. परंतु देवाला असे दान द्यावेसे का वाटते, हे सांगायची वेळ येते तेव्हा ते घरात शिरते आणि आईबाप व मूल यांच्याविषयी बोलू लागते.

त्यामागे सबळ कारण आहे. मूल जन्माला येते तेव्हा त्याने काहीही केलेले नसते; त्याचे नाव, त्याचा पाळणा आणि त्याच्यासाठी झालेली जागरणे हे सारे त्याच्या कर्तृत्वाच्या आधीचे असते, आणि पुढे ते कसे निघेल याची हमी घेऊन कोणी त्याला छातीशी धरत नाही. नोकर कामामुळे नोकर असतो आणि काम सुटले की त्याचा घराशी असलेला संबंधही सुटतो. मूल मात्र वागणुकीमुळे मूल झालेले नसल्याने वाईट वागणुकीनेही त्याचे मूलपण संपत नाही. ज्या ख्रिस्ती पंथांत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा दिला जातो, त्या कॅथलिक, अँग्लिकन, लुथरन आणि मेथडिस्ट परंपरांमध्ये या विधीचे समर्थन करताना हाच मुद्दा पुढे येतो, की ज्याला अजून देवाचे नावही घेता येत नाही त्याला देव आधीच आपले म्हणतो. बाप्टिस्ट आणि इतर काही पंथ श्रद्धेची स्वतः कबुली देणाऱ्यालाच बाप्तिस्मा देतात. परंतु देवाचे पाऊल माणसाच्या पावलाआधी पडते, याविषयी त्यांचाही मतभेद नाही.

ही कल्पना येशूपासून सुरू झाली असे मानणे बरोबर होणार नाही, कारण ती ज्यू धर्मग्रंथांत, म्हणजे ख्रिस्ती लोक ज्याला जुना करार म्हणतात त्यात, आधीपासून मुरलेली आहे. तेथे देवाच्या अढळ निष्ठायुक्त प्रेमासाठी 'हेसेद' हा हिब्रू शब्द येतो आणि करुणेसाठी 'रहमीम' हा शब्द येतो. यांपैकी दुसऱ्याचे नाते 'रेहेम', म्हणजे गर्भाशय, या शब्दाशी आहे, त्यामुळे देवाची करुणा म्हणताना त्या भाषेत आईच्या उदराची आठवण आपोआप जागी होते. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात इस्राएलच्या उत्तर राज्यात होऊन गेलेला होशेय हा संदेष्टा आपल्या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात देवाला अशा पालकाच्या रूपात उभा करतो, की ज्याने मुलाला हात धरून चालायला शिकवले, वाकून घास भरवला आणि तरीही मूल दुसऱ्यांच्या मागे गेले. संताप आणि माया यांची ओढाताण त्या अध्यायात उघडपणे चालते आणि अखेरीस मायेचा जय होतो, परंतु त्याचे कारण म्हणून संदेष्टा जे सांगतो ते वाचकाला थबकवणारे आहे: देव शिक्षा आवरतो, कारण तो देव आहे, माणूस नव्हे. रागाच्या भरात नाते तोडणे हा माणसाचा धर्म ठरतो आणि न तोडणे हा देवाचा. जेरुसलेमचा विध्वंस होऊन लोक बाबिलोनच्या बंदिवासात गेले असताना, देव आपल्याला विसरला या त्यांच्या तक्रारीला यशयाच्या ग्रंथातील एकोणपन्नासाव्या अध्यायात जे उत्तर मिळते, त्यातही असेच एक पाऊल पुढे टाकलेले आहे; आई आपल्या अंगावरच्या तान्ह्याला विसरणार नाही एवढे म्हणून ते थांबत नाही, तर एखादी आई विसरलीही तरी देव विसरणार नाही, असे ते बजावते.

या परंपरेत वाढलेल्या येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात आहे. दाखला म्हणजे नेहमीच्या जीवनातली गोष्ट सांगून ऐकणाऱ्याला निवाडा करायला लावणारी कथा. या दाखल्याचा सांगाडा बहुतेकांना ठाऊक असतो: धाकटा मुलगा बाप जिवंत असताना आपला वाटा मागून घेतो, दूर देशी जाऊन तो उधळतो, दुष्काळात डुकरे राखण्याची पाळी त्याच्यावर येते, आणि भुकेने त्या डुकरांच्या शेंगांकडे पाहता पाहता त्याला घर आठवते. मूळ श्रोत्यांना यात जे ऐकू आले असेल ते मात्र आजच्या वाचकापर्यंत सहज पोचत नाही. मोशेच्या नियमशास्त्रानुसार थोरल्याला दुप्पट वाटा मिळत असल्यामुळे दोन मुलांच्या या घरात धाकट्याच्या हाती एक तृतीयांश मालमत्ता आली असणार, आणि हयातीत वाटणी करून मुलांच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ आणू नये, असा सल्ला ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातील बेन सिरा या ज्ञानग्रंथात दिलेला आहे. मध्यपूर्वेत अनेक दशके अध्यापन केलेल्या केनेथ बेली या अभ्यासकाने तेथील खेड्यांत या कथेविषयी चौकशी केली, तेव्हा जिवंत बापाकडे वाटा मागणे म्हणजे त्याच्या मरणाची इच्छा धरणे, असाच अर्थ लोकांनी त्याला सांगितला. त्याच नियमशास्त्रातील 'अनुवाद' या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात, थोरल्याच्या दुप्पट वाट्याचा नियम सांगून होताच, आईबापांचे न ऐकणाऱ्या खादाड व मद्यपी मुलाला गावाच्या वडीलधाऱ्यांपुढे उभे करून दगडमार करावा, असा नियम येतो. हा दाखला ऐकणाऱ्या शास्त्र्यांना तो मुखोद्गत होता. गावच्या वेशीपाशी येणाऱ्या त्या मुलाचे काय व्हायला हवे, याचे उत्तर त्यांच्याजवळ तयार होते.

मुलगा अजून दूर असतानाच बाप त्याला पाहतो. यातून बापाची नजर वाटेवर लागलेली होती हे न सांगता कळते, आणि त्यानंतर लूक जे क्रियापद वापरतो त्याचे मूळ 'स्प्लांख्ना', म्हणजे आतडी, या ग्रीक शब्दात आहे. अनेक भाषांतरांत येथे 'कळवळा आला' असे म्हणून पुढे जावे लागते, परंतु मराठीला हा शब्द परका नाही; पोटात कालवणे, आतडे तुटणे, आतड्याची माया हे सर्व वाक्प्रचार त्याच जागेवर बोट ठेवतात, आणि 'कृपा' या संस्कृत शब्दाने जे अंतर निर्माण होते ते या घरगुती शब्दांनी मिटते. मग बाप धावतो. लांब झगा वर धरून, पाय उघडे टाकून धावणे त्या काळी प्रतिष्ठित वयस्काला शोभणारे नव्हते, आणि बेलीच्या मते गावाचा राग मुलापर्यंत पोचण्याआधी आपण पोचावे म्हणून तो बाप ही अप्रतिष्ठा स्वतःच्या अंगावर घेतो. मुलाने वाटेत एक भाषण जुळवून ठेवलेले असते. आपण पाप केले, आपण पुत्र म्हणवून घ्यायला लायक नाही आणि आपल्याला मोलकऱ्यांत ठेवावे, अशी त्याची तीन कलमे असतात. बापाच्या मिठीत तो पहिली दोन कलमे म्हणतो, तिसरे त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण बाप नोकरांना उत्तम झगा, बोटात अंगठी आणि पायांत जोडा आणायला सांगू लागलेला असतो. ते तिसरे कलम म्हणजे कमावून परत येण्याचा मार्ग होता. चाकरी करून हळूहळू पत मिळवण्याची ती योजना बापाने ऐकूनच घेतली नाही, आणि ख्रिस्ती धर्मशास्त्रातील कृपेचा सारा सिद्धान्त त्या अर्धवट राहिलेल्या भाषणात सामावला आहे, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरणार नाही. पश्चात्तापाला तेथे स्थान आहे, पण ते किमतीचे नव्हे. मिठी आधी पडते आणि कबुली त्या मिठीत दिली जाते.

याच्या शेजारी 'सद्धर्मपुंडरीक' या महायान बौद्ध सूत्राच्या चौथ्या अध्यायातील कथा ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. तेथेही घर सोडलेला मुलगा आहे आणि वाट पाहणारा श्रीमंत बाप आहे, परंतु अनेक वर्षांनी परतलेला मुलगा बापाला ओळखत नसल्यामुळे व त्याच्या वैभवाला घाबरत असल्यामुळे, बाप त्याला शेणकचरा उपसण्याच्या कामावर ठेवून वीस वर्षे धीराने तयार करतो आणि मगच नाते उघड करतो. तेथील माया उणी नाही. तिची वाट शिक्षणाची आहे, तर लूकच्या कथेत मुलगा जसा आहे तसा, डुकरांच्या वासासकट, आधी कवटाळला जातो.

पालकांच्या उपमेला एक गंभीर हरकत घेतली जाते आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नाही. ज्यांचा बाप मारझोड करणारा, व्यसनी किंवा घर टाकून गेलेला असतो, त्यांना देव बापासारखा आहे या वाक्यातून दिलासा मिळण्याऐवजी धास्तीच वाटू शकते. येशूच्या बोलण्यात या वस्तुस्थितीचे भान आहे, कारण मत्तयाच्या सातव्या अध्यायात मुलाने भाकर मागितल्यावर कोणता बाप दगड देईल, असे विचारताना तो ऐकणाऱ्या पालकांना चांगले म्हणत नाही, वाईटच म्हणतो. वाईट असूनही त्यांना मुलांना चांगले द्यावेसे वाटते, तर मग देवाला किती अधिक वाटेल, असा त्याचा युक्तिवाद आहे. ज्यू पंडित या पद्धतीला 'कल वाहोमेर' म्हणतात आणि भारतीय शास्त्रांत तिला कैमुतिक न्याय म्हणतात. लहान ठिकाणी जे खरे, ते मोठ्या ठिकाणी किती अधिक खरे असेल, असे तिचे स्वरूप असते. म्हणजे मानवी बापाला मोठा करून देवाचे चित्र काढावे असे येथे सांगितलेले नाही. विसाव्या शतकातील स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ याने तर क्रम उलटा लावला. मूळ पितृत्व देवाचे असून माणसाचे पितृत्व ही त्याची अपुरी छाया आहे, आणि म्हणूनच वाईट बापाचा निवाडा करण्याचे माप त्या मुळातच सापडते. जखमी मनाला हे उत्तर लगेच पुरेसे होईल असे नाही, पण त्याच्या वेदनेला खोटे न ठरवणारे ते उत्तर आहे.

कृपा आणि माणसाचा प्रयत्न यांचा संबंध कसा लावायचा, यावर ख्रिस्ती जगतात मोठे वाद झाले. पेलाजियस या तपस्व्याने माणूस स्वतःच्या इच्छाशक्तीने सन्मार्ग धरू शकतो असे प्रतिपादन केले, उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टिन याने इच्छाशक्तीलाच आधी कृपेने बरे व्हावे लागते असे उत्तर दिले, आणि ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलाजियसची मते नाकारली. अकराशे वर्षांनी मार्टिन लूथरच्या धर्मसुधारणेत हाच प्रश्न पाश्चात्त्य चर्चच्या दुभंगाचे कारण झाला. भारतीय वाचकाला या वादाची जात ओळखीची वाटेल, कारण श्रीवैष्णव परंपरेत वडगलै पंथ मर्कटन्याय मानतो, ज्यात माकडाचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून राहते, आणि तेंगलै पंथ मार्जारन्याय मानतो, ज्यात मांजरीच आपल्या पिलाला तोंडात धरून नेते. दोन्हीकडे उपमा आई आणि पिलाचीच आहे. जर्मन धर्माभ्यासक रुडॉल्फ ओटो याने १९३० मध्ये भारतातील कृपामार्ग आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, तो या साम्याने प्रभावित होऊनच. ख्रिस्ती पंथांतील वाद मात्र पुष्कळ अंशी निवळला आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून, देव माणसाला स्वीकारतो तो त्याच्या गुणवत्तेमुळे नव्हे, केवळ कृपेने, हे एकत्रितपणे मान्य केले, आणि २००६ मध्ये जागतिक मेथडिस्ट परिषदही त्यात सामील झाली.

बिनशर्त कृपा म्हणजे काहीही चालवून घेणे, असा गैरसमज आतल्यांचा आणि बाहेरच्यांचाही असतो. नाझी राजवटीला विरोध केल्याबद्दल ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिला गेलेला जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफर याने १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात 'स्वस्त कृपा' आणि 'महाग कृपा' असा भेद केला. ज्या क्षमेने माणूस बदलत नाही आणि जिच्यासाठी कोणाला काही सोसावे लागले हे विसरले जाते, ती कृपा त्याला स्वस्त वाटली. दाखल्यातल्या बापाने काय सोसले हे पाहिले की हा भेद स्पष्ट होतो. मालमत्तेचा हिस्सा गेला, गावात पत गेली, वाट पाहण्याची वर्षे गेली आणि अखेर धावताना प्रतिष्ठाही गेली. मुलाला जे फुकट मिळाले त्याचे मोल बापाने मोजले. ख्रिस्ती परंपरा येशूच्या वधस्तंभाकडे याच दृष्टीने पाहते.

मराठी भूमीत या विचाराला स्वतःचे आयुष्य लाभले. पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलहॅम भागात, समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांची तेथील धर्मभगिनी मायेने सेवा करतात हे त्यांनी पाहिले, आणि त्यामागचे कारण विचारल्यावर त्यांना येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा सांगण्यात आली. १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी लिहून ठेवले आहे की तेव्हा त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायचा होता, आणि तारण बिनमोल मिळते हे उमगायला बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे जावी लागली. पुढे केडगाव येथील मुक्ती मिशनमध्ये त्यांनी त्याच 'पतित' म्हटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी घर उघडले आणि त्याला 'कृपासदन' असे नाव दिले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तरी आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. वारकऱ्यांनी विठ्ठलाला आणि ज्ञानोबांना जी 'माउली' हाक मारली, तिच्याच वळणाने त्यांनी ख्रिस्ताला गुरु आणि आई म्हटले. देवाला फक्त बाप म्हणण्याची सवय लागलेल्या पाश्चात्त्य भक्तीला, यशयाच्या ग्रंथात असूनही बाजूला पडलेली आई, महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने अशी परत मिळवून दिली, हे टिळकांचे कार्य मोठेच मानावे लागेल.

आता थोरल्या मुलाकडे वळले पाहिजे, कारण दाखल्याचा अर्धा भार त्याच्यावर आहे आणि उपदेशांत बहुधा तोच निसटतो. तो शेतावरून येतो, गाण्याबजावण्याचा आवाज ऐकतो, कारण कळल्यावर रागावतो आणि घरात जायचे नाकारतो. आपण इतकी वर्षे राबलो हे सांगताना तो ग्रीकमध्ये जे क्रियापद वापरतो ते गुलामाच्या चाकरीचे आहे. धाकट्याने जे मोलकऱ्याचे जिणे मागायचे ठरवले होते, ते थोरला घरातच राहून, कोणी न सांगता, जगत आला होता. भावाला तो भाऊ म्हणत नाही, बापाचा मुलगा म्हणतो. बाप उत्तर देताना तो तुझा भाऊ आहे याची आठवण करून देतो, आणि त्याला हाक मारताना 'पुत्र' या औपचारिक शब्दाऐवजी 'तेक्नोन', म्हणजे बाळा, असा लाडाचा शब्द वापरतो. त्या दिवशी बाप उंबरठ्याबाहेर दुसऱ्यांदा आलेला असतो, पहिल्यांदा बिघडलेल्यासाठी आणि आता नीट वागलेल्यासाठी, आणि दोघांनाही त्याला तेच सांगायचे असते, की हे घर कमावून मिळवायचे नाही. बिघडलेल्याला ते लवकर पटते. ज्याच्याजवळ मांडायला हिशेब आहे, ज्याने उपास केले, नियम पाळले, आईबापांचे म्हातारपण सांभाळले, त्याला कृपा अन्यायासारखी वाटते, आणि ही भावना क्षुद्र ठरवून बाजूला सारण्याजोगी नाही. बापानेही ती तशी सारलेली नाही, तो अंगणात उभा राहून मुलाची मनधरणी करतो. मुलाने पुढे काय केले ते लूकने लिहिलेले नाही.

हा दाखला सहसा अकराव्या वचनापासून वाचला जातो, कारण कथा तेथून सुरू होते. वाचकाने तो एकदा अध्यायाच्या पहिल्या वचनापासून वाचावा. जकातदार आणि पापी म्हणून हिणवलेले लोक येशूभोवती जमले आहेत, आणि तो अशांच्या पंगतीला बसतो म्हणून परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे ज्यू, व शास्त्री कुरकुर करीत आहेत, असे तेथे लिहिले आहे. ही गोष्ट त्या कुरकुर करणाऱ्या सज्जनांना सांगितलेली आहे.